न ऐकणारा साहेब

लोकांची घरं एका जागेवरून उचलायची आणि दुसऱ्या जागी नेऊन ठेवायची, हा टेम्पोवाल्याचा धंदा. कपाट जिन्यात कसं वळवायचं, आरसा गादीत कसा गुंडाळायचा, हे त्याला झोपेतसुद्धा जमलं असतं. जोडीला पैलवान. हा पैलवान इतका काटकुळा, की वारं सुटलं तर त्याला सामानाबरोबर दोरीने बांधा, असं टेम्पोवाल्याची बायको म्हणायची. पण तोच फ्रिज पाठीवर घेऊन जिना चढायला लागला की बघणारे तोंडात बोटं घालायचे.

घर बदलताना माणसं काय काय मागे टाकून जातात, याचं टेम्पोवाल्याला नवल वाटेनासं झालं होतं. मोडक्या खुर्च्या, कुंड्या, आजोबांचा फ्रेममधला फोटोसुद्धा. पण एकदा एका कुटुंबाचं सामान पोचवून तो विसरलेली शिडी न्यायला परत आला, तर रिकाम्या खोलीत एक तपकिरी कुत्री पडलेली. सोफा होता तिथली फरशी जरा उजळ राहिली होती. बरोबर त्या उजळ पट्ट्यावर ती अंग चोरून पडली होती. सोफा गेला, माणसं गेली, पण आपली जागा सोडायची नाही, एवढंच तिला ठाऊक.

त्याने मालकांना फोन लावला. "अहो, नव्या घरात चालत नाही कुत्रं," पलीकडून उत्तर आलं. "तुम्ही बघा ना, द्या कुठे तरी सोडून."

सोडून कुठे द्यायचं? त्याने तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि गोदामात आणलं. गोदाम म्हणजे घरामागची पत्र्याची शेड आणि तिच्यापुढचं अंगण. टेम्पो तिथेच उभा असायचा. बायकोने कमरेवर हात ठेवून विचारलं, "हे कुठलं सामान? कुणाचं पोचवायचं राहिलंय?"

"हे पोचवायचं नाही. ह्याला घर शोधायचंय," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण शोधायला गेल्यावर त्याचे डोळे उघडले. जो तो विचारी, "पिल्लू आहे का?" पिल्लू सगळ्यांना हवं. वाढलेलं कुत्रं म्हटलं की माणसं चार पावलं मागे. एकाने तर स्पष्टच सांगितलं, "भाजलेल्या मडक्याला माती लागत नाही हो. ज्याला जीव लावायचा त्याला लावून झाला तिचा."

शेवटी एका निवृत्त नर्सबाईंचं सामान हलवताना त्याने सहज विषय काढला. बाई एकट्या, चालायच्या हळू. म्हणाल्या, "पिल्लामागे धावायला माझे गुडघे कुठे आहेत? मोठीच बरी." पंधरवड्याने तो मुद्दाम बघायला गेला. कुत्रीने त्याला ओळखलं, शेपटी हलवली, हात चाटला, आणि मग शांतपणे जाऊन बाईंच्या पायाशी बसली. तिथून हलली नाही.

परतताना शेजारी पैलवान होता, आणि टेम्पोवाल्याने नेहमीचं वळण चुकवलं. पैलवानाने विचारलं, "काय झालं?"

"अरे, तिला टाकून गेले तेव्हा आपण बघितलंय ना," तो म्हणाला. "आणि परत जीव लावला तिने. माणसाचं मन एकदा मोडलं की जन्मभर कुरकुरतं. ही कशी काय सुरू करते पुन्हा?"

ह्या प्रश्नाने त्याला धरलं ते धरलंच. त्यानंतर गोदामात एखादं तरी मोठं कुत्रं असायचंच. कुणी परगावी गेलं, कुणाचे म्हातारे मालक वारले, कुणाला बाळ झालं. टेम्पोवाला रोज नव्या घरांत जायचा. कुठे अंगण आहे, कुठे दिवसभर माणूस असतं, कुठे पोरं दंगेखोर आहेत, हे आपसूक दिसायचं. मग गोष्ट हळूच निघायची. बायको म्हणे, "स्थळं जमवायला लागलात की काय! आपल्या पोरीच्या वेळी एवढी पायपीट केलीत तरी पुरे." पण जेवण तीच घालायची, आणि एखादं कुत्रं नव्या घरी निघालं की काही तरी कामाचं निमित्त काढून आत जायची.

ह्या सगळ्यांत साहेब आला तो गोदामाचा कायमचा पाहुणा होईल असं वाटायला लागलं.

साहेब म्हणजे एक पांढराशुभ्र, दांडगा कुत्रा. एका डोळ्याभोवती काळा डाग, जणू कुणी शाई सांडलीय. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात तो होता. आवार विकलं गेलं तेव्हा रखवालदाराने आणून दिला. हाक मारली तर ढुंकून बघायचा नाही. शीळ घाला, टाळ्या वाजवा, ताटली आपटा, हा आपला पाठ करून बसलेला. पैलवान म्हणाला, "अर्ज दिल्याशिवाय मान वळवत नाही हा. साहेबच आहे." तेव्हापासून साहेब.

पहिल्या घरातून तो आठवड्याच्या आत परत आला. घर एका शिंपीदादांचं. ते ओशाळून म्हणाले, "जनावर वाईट नाही हो, पण ऐकत नाही. फाटकाबाहेर गेला, मी घसा फोडून ओरडतोय, हा चाललाय. आणि झोपेत पोराने हात लावला तर अंगावर गुरकावला. पोर घाबरलंय." दुसरं घर एका किराणा दुकानदाराचं. त्याला राखणीला हवा होता. तो तर हसायलाच लागला. "गिऱ्हाईक त्याला ओलांडून आत येतं, बाहेर जातं. चोराने उद्या ह्याचीच उशी करून झोप काढली तरी ह्याला पत्ता नाही. ऐकतच नाही तुमचा साहेब."

ऐकत नाही. सगळ्यांची तक्रार एकच. टेम्पोवालाही मनातून खट्टू झाला. असतं एखादं आडमुठं, असं तो धरून चालला.

मग एके सकाळी गोदामाच्या अंगणात पैलवान टेम्पो मागे घेत होता आणि टेम्पोवाला मागे उभा राहून त्याला हाताने खुणा करत होता. ये, ये, थोडा डावीकडे, ये. साहेब त्याच्या समोरच कुठे तरी हिंडत होता. भिंत जवळ आली तसा टेम्पोवाल्याने झटकन पंजा उभा केला. थांब.

टेम्पो थांबला. आणि साहेबही थांबला. एक पाय उचललेला तसाच धरून तो टेम्पोवाल्याच्या पंजाकडे टक लावून बघत राहिला.

टेम्पोवाल्याला काही तरी वाटलं. त्याने पंजा सावकाश आपल्याकडे ओढला. ये. साहेब आला. पुन्हा पंजा उभा. साहेब थांबला. पंजा खाली, जमिनीकडे. साहेब खाली बसला. तो कारखाना चालू होता तेव्हा यंत्रांच्या गदारोळात रखवालदार आणि ट्रकवाले वर्षानुवर्षं हातांनीच बोलत असणार, आणि हा ते बघत बसलेला असणार.

"पैलवान," टेम्पोवाल्याचा आवाज बदलला होता, "खाली उतर. ते लोखंडी झाकण घे आणि ह्याच्या मागे जाऊन जोरात आपट."

"का?"

"आपट तर."

झाकण आपटलं. शेजारच्या पत्र्यावरचे कावळे उडाले, बायको घरातून धावत बाहेर आली. साहेबाचा कानसुद्धा हलला नाही. तो टेम्पोवाल्याच्या तोंडाकडे बघत होता, आता पुढे काय म्हणून.

टेम्पोवाला तिथेच टेम्पोच्या फळीवर बसला. ही परीक्षा त्याने आधी एकदा पाहिली होती. तो लहान होता, आणि त्याची ताई त्याच्याहून थोडी मोठी. शाळेतून रोज तक्रार यायची, मुलगी ऐकत नाही, हट्टी आहे, उद्धट आहे. ताई बाकावर उभी राहायची, छड्या खायची, आणि का ते तिला कळायचं नाही. एक दिवस स्वयंपाकघरात आईच्या हातून पितळी पातेलं निसटलं. सगळं घर दचकलं. दाराकडे तोंड करून बसलेली ताई बाहुलीची वेणी घालत राहिली. आईने ते पातेलं उचलून पुन्हा टाकलं, मुद्दाम. आणि मग जमिनीवर बसून रडली.

"ऐकत नाही," टेम्पोवाला स्वतःशीच पुटपुटला. "अरे, त्याला ऐकूच येत नाही."

ताई आता पन्नाशी ओलांडलेली. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होती. छापील पानांचे फर्मे जुळवायचे, शिवायचे, पुठ्ठे चढवायचे. राहायची एकटी, एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. भाऊ तिला कित्येकदा म्हणाला होता, आमच्याकडे राहायला ये. तिचं उत्तर ठरलेलं. ती हात पुसायची आणि हातांनीच म्हणायची, "मी काय तुझ्या टेम्पोतलं सामान आहे?" तिच्या दाराशी बेलचं बटण होतं; ते दाबलं की आत दिवा लागायचा. पण ती पाठमोरी असली तर तो दिवा बिचारा एकटाच लागायचा आणि विझायचा. भाऊ कधी कधी जिन्यात बसून राहायचा. त्याला खरी धास्ती तीच होती. हिला एकटीला काही झालं तर?

तरीही साहेबाला ताईकडे ठेवावं असं त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याला फक्त विचारायचं होतं, ह्याच्याशी बोलायचं कसं. बायकोला मात्र त्याचा चेहरा वाचता यायचा. ती म्हणाली, "अहो, विचारायला न्या, पण तिथेच ठेवून येऊ नका. दोघंही ऐकू न येणारी एका घरात. दार वाजलं तर उघडणार कोण?"

सुट्टीच्या दिवशी तो साहेबाला घेऊन गेला. नशिबाने ताई दाराकडे तोंड करून बसली होती. तिने आधी भावाकडे बघितलं, मग कुत्र्याकडे, मग कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय?"

"ह्याला ऐकू येत नाही," भाऊ हातांनी म्हणाला. "दोन घरांनी परत केलं. म्हणाले, हट्टी आहे."

ताईचे हात मांडीवर पडले. साहेब एव्हाना खिडकीकडे गेला होता, आणि पाठ करून बाहेर बघत होता. भाऊ त्याला ओढून आणायला उठला, तशी तिने त्याला बोटाने खाली बसवलं. आणि आपली टाच लाकडी जमिनीवर आपटली. दोनदा.

साहेब गर्रकन वळला.

टेम्पोवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. लहानपणी आईबाबा, तो, सगळे ताईला असंच बोलवायचे, जमिनीवर पाय आपटून. हे आपल्याला आठवलं कसं नाही? साहेबाने पायांतून ऐकलं होतं. तो वळला आणि थेट ताईच्या तोंडाकडे बघायला लागला. ती उकिडवी बसली. तिने भुवया उंचावल्या, साहेबाची मान तिरकी झाली. ती हसली, त्याची शेपटी हलली. तिने दोन्ही हात पसरले. तो इतकं मोठं धूड सावरत, लाजत लाजत आला आणि तिच्या अगदी पुढ्यात बसला. नजर तिच्या चेहऱ्यावरून ढळली नाही.

माणसं ताईशी बोलताना अर्ध्यातच दुसरीकडे बघायला लागायची. भाऊ स्वतःसुद्धा बोलता बोलता मान वळवायचा, मग लक्षात आलं की ओशाळायचा. तोंडाकडे असं धरून ठेवल्यासारखं बघणारं आजवर तिला कुणी भेटलं नसेल. आणि साहेबालाही, पाय आपटून बोलावणारं, चेहऱ्याने बोलणारं. ती दोघं एकमेकांकडे बघत होती आणि खोलीत टेम्पोवाल्याला आपणच परके झाल्यासारखं वाटलं. वाईट नाही वाटलं. मोठ्या डोंगरापुढे उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटलं.

"नेतो आता," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"कुणाला?" ताईने विचारलं.

"साहेबाला."

"तू जा," ती म्हणाली.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झोपेतल्या साहेबाच्या पाठीवर ताईने हात ठेवला आणि त्याने दचकून तिच्या मनगटाला दात लावले. रक्त आलं नाही, पण वळ उठले. टेम्पोवाला धावत गेला, त्याला परत न्यायच्या तयारीने. ताईने त्याला चहा दिला. मग म्हणाली, "मलाही मागून हात लावलेला खपत नाही. कारखान्यात एकीने लावला तेव्हा मी तिच्या थोबाडीत दिली होती. मला कुठे कुणी परत केलं?"

आणि तिने करून दाखवलं. साहेब घोरत होता. ती समोरून गेली, आपली मूठ त्याच्या नाकापाशी धरली आणि थांबली. नाक हललं. पुन्हा हललं. ऊब आणि वास ओळखून साहेबाने सावकाश डोळे उघडले, आणि तिला बघून जांभई दिली. "आधी वास, मग हात," ताई म्हणाली. जणू जगातली सगळ्यांत साधी गोष्ट.

महिनाभर टेम्पोवाल्याला कामातून डोकं वर काढता आलं नाही. फुरसत मिळाली तशी तो गेला. जिना जुना, लाकडी. पाऊल टाकलं की करकरायचा. वर पोचून त्याने बटणाकडे हात नेला, आणि बटण दाबायच्या आधीच दार उघडलं. दारात ताई. पायाशी साहेब.

"तुला कसं कळलं?" भाऊ चकित.

ताईने साहेबाकडे बोट केलं. मग त्याला पुन्हा जिना उतरून खाली पाठवलं आणि दार सताड उघडं ठेवलं, म्हणजे वर काय होतं ते त्याला पायऱ्यांवरून दिसावं. तो दोनच पायऱ्या चढला असेल. वर, दाराकडे पाठ करून हनुवटी जमिनीला टेकवून पडलेला साहेब उठला, ताईपाशी गेला, नाकाने तिच्या गुडघ्याला ढोसलं आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ताई शपथेवर सांगत होती, मी नाही शिकवलं. एक दिवस त्याचं त्यानेच सुरू केलं.

टेम्पोवाला जिन्याच्या मध्यावर कठड्याला धरून उभा होता. त्याची इतक्या वर्षांची धास्ती. दिवे लावून, बटणं बसवून, विनवण्या करून जी गेली नव्हती, ती एका टाकून दिलेल्या, स्वतःलाच ऐकू न येणाऱ्या जनावराने हनुवटी जमिनीला टेकवून घालवली होती. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, "दार कोण उघडणार विचारत होतीस ना? जा, बघून ये." ती बघून आली आणि संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता एकदम म्हणाली, "हे आपल्या डोक्याबाहेरचं आहे हो."

त्यानंतर ताईच्या खोलीबद्दल तक्रार केली ती एकट्याने, खालच्या घड्याळवाल्याने. सज्जन माणूस, डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली मान घालून बसणारा. त्याने टेम्पोवाल्याला रस्त्यात गाठलं. "तुमच्या ताईंना कसं सांगू कळत नाही. तो कुत्रा खिडकीतल्या कबुतरांवर भुंकतो हो. म्हणजे, भुंकतो म्हणजे काय! काल एवढासा स्क्रू चिमट्यातून उडाला, अजून सापडत नाही. आणि गंमत बघा, त्या घरात दोघं राहतात, दोघांनाही पत्ता नाही. अख्ख्या इमारतीत ऐकणारा मी एकटा!"

टेम्पोवाल्याने वर जाऊन ताईला सांगितलं. ती आश्चर्याने बघतच राहिली. खिडकी पुढे, तिची शेगडी मागे. पाठीमागे काय चालतं तिला कसं कळावं? "भुंकतो?" तिने पुन्हा विचारलं. "मला वाटलं, हा माझ्यासारखाच. अबोल."

खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जाड पडदा लावायचं ठरलं, म्हणजे कबुतरं दिसणार नाहीत. भाऊ पडद्याची तार ठोकायला लागला. तेवढ्यात तिने त्याचा खांदा ओढला.

"आवाज कसा आहे त्याचा?"

टेम्पोवाला हातोडी धरून उभा राहिला. आवाज कसा हे हातांनी कसं सांगायचं? "मोठा," तो म्हणाला. "जाड. थंडीत टेम्पो चालू होत नाही, मग एकदम होतो ना? तसा." ताईला हसू आलं, पण तिचं समाधान झालं नाही हे दिसत होतं.

मग ती स्वतःच खिडकीपाशी जाऊन बसली. साहेबाला जवळ घेतलं, आणि तळवा त्याच्या गळ्याला लावून बाहेर बघत राहिली. कबुतर यायला वेळ लागला. आलं, कठड्यावर उतरलं, आणि साहेब भुंकला.

ताईचे डोळे विस्फारले. तिने हात काढला नाही. साहेब पुन्हा भुंकला, पुन्हा, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा आतून उजळत गेला, जसं काही तो आवाज तळव्यातून कोपरात, कोपरातून छातीत चढत होता. तिने दुसऱ्या हाताने भावाला खूण केली, ये. त्याचा पंजा धरून आपल्या पंजाशेजारी साहेबाच्या गळ्याला लावला. आयुष्यभर कुत्र्यांचं भुंकणं ऐकलेला माणूस तो. ते असं असतं हे त्याला माहीत नव्हतं. हाताखाली काही तरी प्रचंड, ऊबदार, जिवंत हलत होतं. कबुतर कधीच उडून गेलं तरी तिघं तशीच बसून होती.

"छान आहे," शेवटी ताईने हात मोकळा करून सांगितलं. "खूप छान आवाज आहे."

पडदा लावून तो खाली उतरला. घड्याळवाल्याने भिंग वर सारून विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आवाज फार छान आहे त्याचा."

घड्याळवाल्याने भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं. "त्यांना काय जातंय म्हणायला!" तो म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकून टेबलाखाली आपला स्क्रू शोधायला लागला. टेम्पोवालाही मग बाह्या सरसावून त्याच्याबरोबर गुडघ्यांवर बसला.